लाभ, दोन, तीन

अकरावीचा वर्ग तळमजल्यावर,
बी.एस्सी. कॉम्प्युटरचं पहिलं वर्ष वर.
मधे एकवीस पायऱ्या आणि प्राचार्यांची चिठ्ठी:
‘बसू द्यावे. स्वतःच्या जबाबदारीवर.’
कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

सकाळी सातला वसमत हळदीच्या वासात अजून लोळत असतं.
मोंढ्यातून पहिला ट्रक निघतो
तेव्हा मी लॅबच्या कुलपापाशी उभी.
बारा कॉम्प्युटर, चालू सात.
सातव्याचा एस एकदा दाबला की तीनदा उमटतो,
तो माझा.

डोंगरदिवे मॅडम हजेरी घेतात.
एक्केचाळीस झाले की वही मिटतात,
मग वर बघून म्हणतात, शून्य?
मी म्हणते, हजर.
मागची पोरं हसतात. हसू देत.
फरहीन हसत नाही, सरकून जागा देते.
तिचं लग्न मे महिन्यात, प्रॅक्टिकल एप्रिलात,
तिला घाई असते
आणि टाइप करायला माझी बोटं लागतात.

पुस्तक इंग्रजीत, फळा दोन्हीत.
‘व्हेरिएबल म्हंजे डबा. वर नाव, आत किंमत.
नाव तेच राहतं, आतलं बदलतं.’
मला आमची मांडणी दिसली:
‘साखर’ लिहिलेल्या डब्यात
तीन वर्षांपासून जाडं मीठ.
आईला ठाऊक, मला ठाऊक.
मशीनला नाही. त्याला सगळं सांगावं लागतं,
आणि प्रत्येक वाक्याला अर्धविराम.
दोन आठवडे मी पूर्णविरामच देत राहिले.
दहावीला मराठीत ब्याण्णव होते मला.

आणि मोजायचं शून्यापासून.
रांगेतलं पहिलं घर शून्य, दुसरं एक.
का, ते मी विचारलं नाही.
खालच्या वर्गातल्या पोरीनं वर येऊन का विचारावं
असं चिठ्ठीत नव्हतं.

आमचे अण्णा मोंढ्यात मापाडी.
त्यांनी काट्यापाशी कधी ‘एक’ म्हटलेलं नाही.
पहिला कट्टा चढला की, लाभ.
मग दोन. मग तीन.
काटा इलेक्ट्रॉनिक आला, तांबडे आकडे आले,
तोंडात लाभच.

दिवाळीनंतर मी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला.
कट्ट्यांची वजनं द्यायची, मोजणी आणि बेरीज तो करणार.
फरहीनच्या मोबाइलवरचा फोटो घरी दाखवला.
अण्णांनी खिशातला कागद काढला,
बोट ठेवून दोन्ही वाचलं.
‘कट्टे चाळीस होते.
हे एकुनचाळीसच दाखवायलंय.
एक कोन खाल्ला?’

मी वहीत एकेक फेरी हातानं चालवली.
पाचवी, अकरावी, तेविसावी,
शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला,
एकोणचाळिसाव्या फेरीतही सगळं बरोबर.
चूक शेवटी नव्हतीच.
मी एकपासून मोजायला लागले होते
आणि पहिला कट्टा शून्यावर बसून राहिला होता,
अठ्ठेचाळीस किलो तीनशे ग्रॅम,
लाभ.

एप्रिलात मला आसनक्रमांक नव्हता.
मॅडमनी पेपर झेरॉक्स करून दिला,
हिरव्या शाईनं तपासला. पन्नासपैकी चौतीस.
खाली लिहिलं: ‘याची कुठेही नोंद होणार नाही.
प्रश्न पाच पुन्हा सोडव.’

त्या रात्री जेवताना अण्णांनी विचारलं,
‘तुला वर मोजत्यात का?’
मोजतात की.
‘कितवी?’
शून्य जिभेवर आलं होतं.
लाभ, मी म्हटलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला,
काही बोलले नाहीत.
मग आईला म्हणाले, कालवण अळणी झालंय.
आईनं न बघता हात मागं नेला
आणि साखरेचा डबा उघडला.