मारुती मंदिर ते मिरकरवाडा

रात्री साडेनवाला मारुती मंदिरापासून
पाय न मारता निघतो.
बंदरापर्यंत बहुतेक उतारच,
ब्रेक धरायचा आणि थंडी सोसायची.

स्वेटरच्या आत कालचा पेपर,
बाजारभावाचं पान आतून, छातीला,
बाहेरून क्रिकेट.
वारा आधी त्यांना लागतो, मग मला.

डायनॅमो चाकाला टेकला की घरघरतो.
उतार वाढला की दिवा वाढतो,
वळणावर हळू झालो की तोही मिटायला येतो,
म्हणजे जिथे भीती वाटावी तिथेच उजेड कमी.
सायकल बनवणाऱ्याला हे कळलं नसेल
असं काही मला वाटत नाही.

पानपट्टीवरून सदू शिवलकर ओरडतो,
«गारठा पडलाय रे, मोहोर धरणार यंदा!»
जसा काही मीच पाडलाय.
जानेवारीत हे सगळं शहर वर बघतं
आणि थंडी मागतं.
बागवाले मागतात, त्यांना उचल देणारे मागतात,
पेट्यांच्या फळ्या कापणारे मागतात,
माझा मेहुणासुद्धा, ज्याचं एकच कलम आहे
आणि तेही शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलेलं.

मी मागत नाही.
मी बनवतो.
दहा ते सहा, मिठाच्या पाण्यात डबे सोडून,
दीडशे किलोची एकेक लादी.
इकबाल फणसोपकर आकडा मारतो, मी मागून रेटतो,
क्रशर ती कडाकडा चावतो,
आणि उजाडायच्या आत होड्या
आमची थंडी पोटात घालून निघून जातात.
किलोवर विकतो आम्ही ती.
सुरमईला लागते. बांगड्याला लागते.
आम्हालाही लागते, पण ती हिशेबात धरत नाहीत.

परवा चेन पडली.
सहा वाजून गेलेले, चढावर,
तुरुंगाच्या भिंतीला लागून.
वाकून चेन शोधतो
तर बोटंच सापडेनात.
काखेत घातली, तोंडात घातली,
वंगणाची चव आणि अमोनियाचा वास.
धुकं खाडीकडून वर सरकत होतं,
रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं.
कैदी असेल, पहारेकरी असेल,
खोकल्यावरून काही कळत नाही.
मी उगाचच खोकलो.
तो परत खोकला.
मी थोडा वेळ तसाच उकिडवा बसून राहिलो,
वाटलं, काहीतरी विचारावं.
काय विचारणार?
तिकडेपण गार आहे का?

मग पायडल उलटं फिरवलं
आणि चेन आपसूक चढली.
मी घंटी वाजवली, दोनदा.
समोर कोणी नव्हतं.

चढ माणसाला ऊब देतो हे खरं,
पण फुकट नाही देत.
गोखले नाक्यावर मफलर सुटतो,
पुढे श्वास तोंडातून वाफेसारखा,
दूधवाल्याच्या किटल्या मला मागे टाकून जातात,
पुढच्या चढावर तर उतरावंच लागतं.
सायकल हाताला धरून चालताना
ती मला नेते की मी तिला,
या वयात ठरवत नाही आता.

घरी सुगंधा चहाचा पेला हातात देते.
स्टीलचा, कडेपर्यंत.
मी दोन्ही हातांनी धरतो, तसाच धरून राहतो.
«सोडा ओ, भाजेल!»
थांब, म्हणतो, अजून पोचलं नाही.

ती स्वेटर ओढून काढते.
पेपर घामाने बनियनला चिकटलेला,
सोलून काढला तर खाली
छातीवर सगळे भाव उलटे उमटलेले.
ती मान वाकडी करून वाचायला बघते.
नारळ, शेकडा, एवढं लागतं तिला.
पुढचं पुसट आहे.
सुपारी असेल.

«आज नीट घट्ट घाला,» ती म्हणते,
«अजून वाढणार आहे म्हणे.»
आणि पेल्याने, शेवटी,
मला चटका दिला.