कोपरे

सोफ्याचं माप मी तीनदा घेतलं.
दोन मीटर चाळीस.
भिंत दोन मीटर छत्तीस.
चार सेंटिमीटरांसाठी कुणी घर बदलत नाही, सोफा बदलतात,
असं दुकानातली मुलगी म्हणाली.
पण रंग मनात भरला होता, आणि सवलत त्याच एकावर.

उलानबातार. नववा मजला.
खिडकीतून टेकडीवरचे तंबू दिसतात,
त्यातला एक गेल्या रविवारपर्यंत आमचा होता.
आता तिथे जमिनीवर गोल डाग असेल.
इथून दिसत नाही. मी बघते तरी.

गोल घरात काही ठरवावं लागत नसे.
दार दक्षिणेला, मधोमध चूल,
चुलीपलीकडे, उत्तरेला, मानाची जागा:
नारिंगी पेट्या, पेट्यांवर आरसा,
आरशाच्या चौकटीत खोचलेले फोटो,
काही गेलेल्यांचे, काही परीक्षा पास झालेल्यांचे.
पश्चिमेला खोगीर, लगाम, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची कातडी पिशवी.
पूर्वेला भांडी, पाणी, पीठ, मी.
काळोखातही हात बरोबर सुरीवर पडायचा.

इथे दारच उत्तरेला.
म्हणजे जो येईल तो थेट मानाच्या जागेत उभा,
पार्सलवाला पोरगासुद्धा.

सासूबाई, सुरेनखोरलो, दाराशी थबकल्या.
खाली पाहिलं. उंबरठा नव्हता.
तरी पाय उचलला,
आणि नसलेला उंबरठा नीट ओलांडून आत आल्या.

"एवढे कोपरे कशाला?"
"चारच आहेत, आई."
"एका खोलीत चार. मग घरात?"
मी मोजले. न्हाणीघर धरून सोळा.
"आणि त्यात ठेवतात काय?"

दुकानाच्या चोपड्यात कोपऱ्यात दिवा असतो,
कुंडी असते, नाहीतर एक खुर्ची,
जिच्यात कधीच कुणी बसलेलं नसतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
सांगण्यासारखं नव्हतंच.
कोपरा म्हणजे कोपलेलीच जागा,
सगळ्यांकडे पाठ करून बसलेली.

पेट्या चार वेळा हलवल्या.
खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपवर ठोकलं.
गोम्बोसुरेन म्हणाला, टीव्हीची वायर इथवर पुरत नाही.
कुठेही ठेवा, पण वायर पुरत नाही.

मग सोफा आला.
चार सेंटिमीटर जास्तीचा, अपेक्षेप्रमाणे.
दोघा हमालांनी रेटून पाहिला,
एकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंत मीच बांधली,
आणि सही घेऊन ते निघून गेले.
सोफा तिरका राहिला, कोपरा कापून,
मागे एक त्रिकोणी पोकळी सोडून.

मला रडू येणार होतं.
सासूबाई मात्र उठल्या,
तिरक्या सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवला, घोडा पारखावा तसा,
आणि म्हणाल्या, "एक कमी झाला."

त्या रात्रीच पेट्या दुसऱ्या कोपऱ्यावर तिरक्या गेल्या.
तिसऱ्यावर कपाट.
पाहुणे येतात, डोकी तिरकी करून बघतात,
काहीजण मदतीला धावतात, सरळ करून देऊ का म्हणून.
सोफ्यामागच्या त्रिकोणात आमची खोंगोरझुल
टॉर्च, खारे शेंगदाणे आणि भूगोलाचं पुस्तक घेऊन राहते.
तिथे यायचं तर म्हणे दारावर टकटक करायची.
दार कुठे आहे ते ती रोज बदलते.

चौथ्या कोपऱ्यात गरम पाण्याचा पाइप.
झाकायचा नाही असा सोसायटीचा नियम.
तिथे मी दिवा ठेवला, चोपड्यातलाच, कापडी टोपीचा.
निजताना लावते, कोपरा उजळतो,
अगदी चित्रातल्यासारखा, कुणी नसलेला.

मध्यरात्री सासूबाई उठतात,
उंबरठा ओलांडतात,
तो विझवतात.
सकाळी त्याबद्दल आम्ही दोघीही बोलत नाही.