दूधघराची भिंत

दरवर्षी तपासनीस यायचा आणि म्हणायचा,
आर्विड, ही भिंत रंगवून घे.
बाबा मान डोलवायचे. चारी भिंतींना पांढरा हात द्यायचे
आणि टाकीमागचा दाराएवढा तुकडा
तेवढा सोडून द्यायचे.
तपासणीच्या दिवशी त्यावर बियाणे कंपन्यांची कॅलेंडरं,
एकाला लागून एक, सहा.
तपासनीस कॅलेंडर उचलायचा, वाचायचा,
परत सोडून द्यायचा.
तोही टोपीला नारिंगी पट्टी लावणाऱ्यांपैकीच.

त्या तुकड्यावर पेन्सिलीनं,
बाबांच्या आखूड, डावीकडे कलत्या अक्षरात:
'सत्तावीस नंबर व्याली. कालवड. उलटी आली, जगली.'
'लव्हॉनशी लग्न. संध्याकाळची धार कर्टनं काढली.'
'आठ टोकांचा नर. साधारण एकशे ऐंशी पौंड.'
'गारा. लसूणघास आडवा.'
'डीनला दात.'

विस्कॉन्सिनात हरणांचा मोसम नऊ दिवसांचा.
बाबांचा बाराही महिने असायचा,
फक्त बंदूक नऊ दिवस.
पहाटे चारला धार, मग टेकडीवरचा ओक,
दुपारी चारला पुन्हा धार.
गाईंना मोसम कळत नाही, म्हणायचे,
आणि थर्मास विसरला म्हणून
अर्ध्या वाटेवरून परत यायचे.

मला बाराव्या वर्षी नेलं मचाणावर.
जेवताना ज्याला गप्प बसवावं लागे तो माणूस
चार तास एक शब्द बोलला नाही.
मग ओढ्याशी काही हललं
आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर एक बोट टेकवलं.
दोन वर्षांनी पहिलं हरीण पाडलं तेव्हा
माझे हात थांबेनात.
बर्फात हरणाशेजारी बसून म्हणाले,
थरथरायचे थांबतील त्या वर्षी बंदूक मला परत दे.
मागचा एक पाय त्यांनी ओल्गाबाईंकडे पोचवला,
तिच्या कुंपणातून आलं होतं म्हणून.
तिला मांस आवडत नसे. तरी दरवर्षी पोचवायचे.
तीही दरवर्षी घ्यायची.

आई मात्र एकाच ओळीवर अडलेली.
पंचवीस नोव्हेंबर, अडुसष्ट.
'दहा टोकांचा नर. साधारण दोनशे पौंड.'
आणि त्याखाली,
'मुलगी. सहा पौंड अकरा औंस.'
आधी हरीण, आई म्हणायची.
पाहुण्यांसमोर, चर्चच्या तळघरात,
एकदा तर त्या तपासनिसासमोर.
आधी हरीण, मग माझी पोर.
बाबा टोपी काढायचे, आत बघायचे, परत घालायचे.

परवा पुरून आलो त्यांना.
मोसमाला तीन आठवडे होते,
जमीन अजून फावड्याला हो म्हणत होती.
तळघरात हॅमची सँडविचं, कॉफी,
आणि म्हातारे मित्र त्यांच्या हरणांची वजनं
प्रत्येक कपागणिक वाढवत होते.

गाई विकून अकरा वर्षं झाली.
दूधघरात टाकी नाही,
तिच्या पायांचे चार गंजके डाग आहेत.
कॅलेंडरं काढली. टॉर्च धरला.
किती वेळा वाचली असेल मी ती ओळ,
पण हे आज दिसलं:
सगळ्या हरणांना 'साधारण'.
मला औंसापर्यंत.

आईला घेऊन आले, चष्म्यासकट.
तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.
भिंतीवर हात ठेवून राहिली थोडी.
म्हणाली, अकरा नाही, बारा.
नर्स फोनवर बारा म्हणाली होती,
ह्याला कधी नीट ऐकू आलंय?

पेन्सिल अजून सुतळीला बांधलेली होती,
टोक चाकूनं काढलेलं.
मला वाटलं, आता दुरुस्त करते.
तिनं ते तसंच राहू दिलं.
खाली वाकली, शेवटच्या ओळीच्या खाली
जपून लिहिलं, 'आर्विड. मंगळवार.'
मग थांबली.
मागे न वळता विचारलं,
वारा कुठला होता गं त्या दिवशी?