घेऊन जा गे

पोळ्याच्या आठवडाभर आधी मंडळाची पोरं आली.
"काका, यंदा बडग्या इंटरनेटचा करून राहिलो.
थोबाड कसं काढायचं, तुमीच सांगा.
तुमीच त आणलं होतं ह्या गल्लीत."

आणलं होतं.
नव्व्याण्णव साली, स्कूटर विकून,
तीन काँप्युटर, एक कूलर, प्लायवूडचे आडोसे,
तासाला साठ रुपये.
मोडेम आधी घसा खाकरायचा, मग किंचाळायचा,
मग एकदम गप्प.
त्या गप्प होण्यात मला सगळं जग
चप्पल काढून आत आल्यासारखं वाटायचं.

गिऱ्हाइकांना भाषणं द्यायचो:
बर्डीच्या पुढे तो झिरो माइलचा खांब आहे ना, घोड्यांचा,
म्हणतात, इंग्रज तिथून देश मोजायचा.
आता मोजणं संपलं.
आता ज्याच्यासमोर पडदा, त्याच्या पायाखाली झिरो माइल.
लोक वाचतील, म्हणून शहाणे होतील.
एकमेकांना बघतील, म्हणून भांडणार नाहीत.
'म्हणून' हा शब्द तेव्हा फार स्वस्त होता.

आणि खोटं तरी कसं म्हणू?
माग सुटलेले तुळशीराम पौनीकर
एका दुपारी माझ्या खुर्चीत बसले,
आणि कुठल्याशा परक्या संग्रहालयाच्या पानावर
त्यांच्या बापानं विणलेला काठ निघाला.
तोच. करवती. एका दातात चूक असलेला.
ते पडद्याला बोट लावायला गेले,
थांबले, बोट धोतराला पुसलं,
मग लावलं.

मोबाइल आले, कॅफे गेला, प्लायवूडचा दिवाण झाला.
राउटर मात्र दाराशी ठेवला, बिनकुलपाचा.
नाव दिलं 'या बसा'.
रस्त्यावरच्या माठाला कोणी कुलूप लावतं का?

मागच्या उन्हाळ्यात त्याच माठातलं पाणी पिऊन
कोणीतरी एक फोटो पुढे ढकलला:
पोरं पळवणारी बाई, हिरवं लुगडं, खांद्याला झोळी.
झोळीत सुया होत्या, बिब्बे, काळे मणी, दोन फण्या.
हे नंतर समजलं.
नंतर म्हणजे मेयोत सतरा टाके पडल्यावर.
शेवंता नाव. दारोदार विकत फिरायची.
ठाण्याचा शिपाई चहा पिता पिता म्हणाला,
"कोणी पाठवलं ते नाही समजत, भाऊ.
पण तुमच्या घरातून गेलं."

माझ्या घरातून गेलं.
हे वाक्य मी जेवताना चावतो.
अजून बारीक होत नाही.

तर पोरांना कोणतं थोबाड सांगू?
पौनीकरांचं? शेवंताबाईचं, सुजलेलं?
की ज्यानं पाठवलं त्याचं?
तो तर रोज मला नमस्कार करत असेल.
म्हणालो, थोबाड राहू द्या. नुसती जीभ काढा, लांब.
पोटात भरायला जुन्या वायरी दिल्या,
दातांसाठी कीबोर्डची बटणं.

त्या रात्री पहिल्यांदा कुलूप घातलं.
चौकटीत काय लिहावं सुचेना.
कानात मिरवणुकीची आरोळी घुमत होती,
इडा पिडा, रोगराई...
तिचीच शेपटी तोडून टाकली.

साडेअकराला दार वाजलं.
करिश्मा नंदनवार, ओट्यावर रोज अभ्यास करते ती.
"काका, नर्सिंगचा फॉर्म. बाराला बंद होते.
तुमचं नेट आज पासवर्ड काऊन मागून राहिलं?"

मी म्हणालो, "घेऊन जा गे."

ती उभीच.
"काय घेऊन जाऊ?"

"तेच. सगळं जोडून लिही."

बाराला चार मिनिटं कमी असताना
ओट्यावरून एक टाळी ऐकू आली, एकटीची.

सकाळी दुधाला निघालो तर
तिथं पाच जण बसलेले, माना खाली, पाय हलवत.
एकानं वर न बघताच म्हटलं, "रामराम काका."
मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
समोरच्या भिंतीवर, उन्हात,
पोरांनी बडग्याची जीभ वाळत घातली होती.
रंग अजून ओला होता.