चूलबंद

आर्वीच्या कॉलेजात लॅबमध्ये अकरा कॉम्प्युटर, चालू सात.
माझ्या वाट्याला आला त्याच्या माऊसची वायर
खऱ्याखुऱ्या उंदराने कुरतडलेली.
उईके मॅडमनी नवा मागवला नाही.
म्हणाल्या, मायनं दहा बोटं देल्ली ना? चालव.

म्हणून मी माऊसवाचून जावा शिकले.
कंट्रोल-स्पेस : अर्धं लिही, थांब, उरलेलं तो सुचवेल.
आल्ट आणि वरचा बाण : अख्खी ओळ उचल,
मिरचीचं रोप उचलावं तशी, मातीसकट, वरच्या वाफ्यात लाव.
आणि कंट्रोल-शिफ्ट-ओ.
त्या कीबोर्डवरचा ओ पार पुसला होता.
माझ्याआधी किती पोरींनी हाका मारल्या असतील.

मॅडम सांगायच्या, फाईल म्हणजे मांडव.
येणार कोण, ते सर्वांत वर लिहायचं,
एकेकाचं घराण्यासकट नाव घेऊन.
नाहीतर टाका तारा, झालं चूलबंद आवतन,
युटिलच्या घरचं लेकरूही मागं राहत नाही.
पण एकदा मी दोन घरांना चूलबंद दिलं
आणि दोन्ही घरांत लिस्ट नावाची पोरगी निघाली.
हाक मारली तर दोघी उठल्या.
लाल रेघ.

मला ते समजायला वेळ लागला नाही.
आर्वीच्या स्टँडवर नुसतं सावंगी म्हटलं
तर कंडक्टर मशीनला बोट लावत नाही.
कोन्ती सावंगी?
नाल्यापलीकडची म्हणावं, टाकीवाली म्हणावं,
तेव्हा कुठं तिकीट निघतं.
तशाच त्या दोन डेट.
एकीला तास-मिनिटं, सारं ठाऊक,
दुसरी फक्त दिवस सांगते, पुढचं विचारू नका म्हणते.
(आमच्या शेजारच्या सिंधूबाई दुसऱ्या जातीच्या.
नातू कधी झाला? पोळ्याच्या पाडव्याले. बस.)

मग एका पोराने विचारलं,
मॅडम, स्ट्रिंगला का नाही इम्पोर्ट करत? सिस्टिमला?
त्या खडू शोधत होत्या. मागं न वळता म्हणाल्या,
घरचे हायत ते. घरच्याले आवतन कायचं?

आता कंपनी पुण्याची, मी गावातच.
गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत रेंज चांगली असते.
रोज संध्याकाळी काम वर चढवण्याआधी
डावी करंगळी, अनामिका, उजवीकडून ओ,
आणि वरची यादी एका दमात आवरते,
राहिलेली येतात, अक्षरांच्या क्रमाने उभी राहतात,
पिवळ्या रेघेवरची गुपचूप जातात.
सकाळी मीच बोलावलेली असतात त्यातली काही.
म्हटलं होतं, दुपारून लागतील.

आई वाळवण उचलायला वर आली.
काय करून राह्यली व?
जे बलावलं आन् कामी नाई आलं, त्याचं नाव खोडून राह्यली.
तिनं चाळणी खाली ठेवली.
मंग बलावलं कायले?

मागच्या महिन्यात ती तहसीलला जाऊन आली होती,
हेमीचं नाव रेशन कार्डावरून कमी करायला.
लग्न झालं की करावं लागतं.
बाबूनं एक रेघ ओढली, पाच किलो कमी.
त्या दिवशी घरी आल्यावर तिनं पीठ मळलं
आणि नेहमीच्याच मापाने पोळ्या लाटल्या.
दोन उरल्या. कोणी काही बोललं नाही.

मी कंट्रोल-झेड दाबलं.
खोडलेली सगळी परत आली, पिवळ्या रेघेसकट.
कंपनीला चालत नाही असं. माहीत आहे.

शनिवारी कोणालाही न कळवता
पाचच्या गाडीचा हॉर्न आधी आला, मग धूळ,
मग फाटकाची कडी,
आणि हाक, माय व!

परातीतले हात परातीतच ठेवून
आई आतून म्हणाली, ओ.

वर गच्चीवर माझी फाईल तशीच उघडी होती.