जे हलतं ते शाल्वाचं

आमच्या कामाची वाटणी सोपी आहे:
जे हलतं ते शाल्वाचं,
जे हलत नाही ते माझं.

म्हणजे डोंगर माझा,
त्याच्या पोटातलं मँगनीज आणि पत्र्यांवर बसलेली काजळी माझी.
क्विरिला नदीचं पाणी शाल्वाचं, काठ माझे.
दोन खांबांमधली तार माझी,
पण पाळणा सुटला की ती थरथरते, तेवढी त्याची.
त्या तारेवरून आम्ही भांडलो आहोत
आख्खा एक मंगळवार.

चिआतुरात आमचा स्टुडिओ म्हणजे
बंद पडलेलं औषधांचं दुकान.
खणांवर अजून नावं आहेत: आयोडीन, कापूस, खोकला.
खोकल्याच्या खणात मी हिरवे रंग ठेवते.
फिल्म सात मिनिटांची, हिवाळा तिसरा.
अनुदान दुसऱ्यातच संपलं.
शाल्वा सकाळी शाळेत चित्रकला शिकवतो,
मी कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पाट्या रंगवते
आणि पैशांऐवजी कधी कधी पाव घेते,
भट्टीतून नुकता काढलेला, होडीच्या आकाराचा.

लहानपणी टीव्हीवर मला आधीच कळायचं
कुठला धोंडा कोसळणार.
तो बाकीच्यांहून जरा फिका असायचा,
कडेनं एक बारीक रेघ.
मी मोठ्यानं सांगायचे, भाऊ उशी फेकून मारायचा.
आता ती रेघ कुठून येते ते मला माहीत आहे:
हलणाऱ्या वस्तूचा कागदच वेगळा.
ती माझ्या डोंगराला टेकते,
मिसळत नाही.

फिल्ममध्ये एक बाई आहे, रोपवेचा पाळणा चालवणारी.
जानेवारीत खरी आली. लामारा.
सत्तावीस वर्षं दरीवरून ये-जा,
आता जिन्याच्या चार पायऱ्यांना दोनदा थांबते.
शाल्वानं चळत धरून कागद भरभर सोडले,
आणि तिनं स्वतःला दार लावताना पाहिलं,
दांडा ओढताना, खाली बघताना.
मग म्हणाली, हात रिकामा आहे.
कोण बाई रिकाम्या हातानं लोंबकळेल एवढ्या उंचावर,
सूर्यफुलाच्या बिया नसताना?

दोनशे चौदा कागद.
शाल्वानं कोट चढवला, निघून गेला.
जेवायच्या वेळेला परतला
आणि पहिल्या कागदावरचा हात खोडायला घेतला.

आता ती बिया सोलते.
टरफल दातांतून सुटतं,
अकरा चित्रं हवेत असतं, तोवर त्याचं.
बाराव्याला जमिनीवर टेकतं
आणि तिथून पुढं माझं.
पहिलं मी सहज काढलं.
पुढच्या दृश्यात सहा, त्याच्या पुढं किती
हे भिंतीवर लिहून ठेवावं लागलं,
कारण पडलेलं टरफल पुढच्या दृश्यात
नाहीसं होऊन चालत नाही.
काम म्हणून मोजायला लागले होते.
शेवटच्या फेरीपर्यंत तिच्या पायांशी
तिची सगळी वर्षं साठली होती, करडी, पोकळ,
आणि ती सगळी माझ्या अक्षरात.

शेवटचं दृश्य. पाळणा थांबलेला, ती बसून.
इथं ती चार सेकंद हलत नाही, शाल्वा म्हणाला.
मी ब्रश धूत होते, धूतच राहिले.
हलत नाही ते माझं.
दोघंही बोललो नाही.
मग त्यानं लाइटबॉक्स लावला
आणि तीच बाई तीनदा काढली, एकावर एक, हुबेहूब.
म्हणजे अगदी हुबेहूब नाही,
हात तेवढा कापतोच कुणाचाही.
तेवढ्या फरकावर ती श्वास घेते.

मी तिच्यामागची खिडकी रंगवली,
खिडकीत डोंगर,
त्यातला एकही दगड जरासुद्धा फिका नाही.

लामारानं ठेवून गेलेला बियांचा पुडा
टेबलावर आहे, अर्धा.
काम करता करता हात जातो, त्याचाही, माझाही.
खाली पडलेली टरफलं कुणी उचलायची,
हे मात्र वाटणीत ठरलेलं नाही.