पाय न टेकता

महूच्या छावणीमागे, देवडांच्या कोंबडीखान्यात
ती मला मिळाली, तीन पोत्यांत आणि एका घमेल्यात.
टाकीत रॉकेल साठवत. सीटवर अंडी उबवून झालेली.
मॅचलेस, साडेतीनशे, सन त्रेचाळीस.
मडगार्डवर रंगाच्या तीन थरांखाली
कुण्या पलटणीचा पांढरा आकडा शाबूत.
देवडा म्हणाला, "वजन के भाव ले जाओ."
मी तिला तराजूत चढू दिलं नाही. तेवढा मान राखला.

पहिला नट सुटायलाच सव्वा महिना गेला.
तेराचा पाना जाईना, चौदाचा गरगर फिरे.
शेवटी सियागंजात सैफुद्दीनभाईंनी
गल्ल्यामागून तेलकट फडकं काढून उलगडलं :
व्हिटवर्थचे आठ पाने, काळे, हाताला जड.
"भिया, इसपे जो लिखा है वो इसके मुँह का नाप नहीं.
बोल्ट का है."
घरी येईपर्यंत मी तेच घोळवत राहिलो.
आपल्या जबड्याचं माप न सांगता
ज्याला धरायचं त्याच्या देठाचं माप अंगावर कोरून घ्यायचं.
अशी दोन माणसं आमच्या कचेरीत होती.
एकाची बदली झाली.
दुसऱ्याशी मी नीट वागलो नाही.

पाटणीपुऱ्यात उज्ज्वला टकले बापाची लेथ चालवते.
तिने बुश खराडून दिली,
मायक्रोमीटर गळ्यात, विश्वास मात्र नखावर.
मॅग्नेटो गुंडाळून आला त्या रात्री
स्वयंपाकघरातला दिवा मालवला,
हेमाने चिमट्याने प्लग ओट्याशी धरला,
मी दात्याला हिसका दिला,
आणि भांड्यांच्या फळीवर एक निळी ठिणगी
क्षणभर सगळे पेले मोजून गेली.

किकने मात्र उलट लाथ घातली. नडगी अजून दुखते.

या खेळात वेगाला कुत्रं विचारत नाही.
दगडधोंड्यांतून, पाण्यातून, झाडांना बांधलेल्या फितींमधून
हळू जायचं, पाय न टेकता.
टेकला की एक. दोनदा, तर दोन.
मग कितीही वेळा टेका, तीनच.
थांबलात की पाच.
ज्याचे कमी तो जिंकतो.
जन्मभर मुलांची प्रगतिपुस्तकं तपासलेल्या माणसाला
शून्याची आस धरायला वेळ लागतो.

पौषातला रविवार. चोरलचं पात्र. चौथा टप्पा.
भुस्कुटे मास्तरांची नात शर्वाणी धोंड्यावर बसलेली,
मांडीवर पाटी, कानामागे पेन्सिल.
म्हशीच्या पाठीसारखा काळा ओला खडक,
त्याच्या वर अर्जुनाची मुळं.
मी उभा राहिलो पायखुंट्यांवर, गुडघे सैल सोडून,
ठिणगीची दांडी मागे ओढली,
आणि ती चढू लागली,
धप्
धप्
एकेका ठोक्याला एकेक वीत, शेजारणीकडे मुसळ चालावं तशी.
डावीकडे ब्रेक, उजवीकडे गिअर, हे पायांना आता सांगावं लागत नव्हतं.

माथ्याच्या दगडाशी ठोका चुकला.
बंद.

पुढचं चाक खोबणीत, मागचं पाण्यात,
तापलेलं इंजिन टिक टिक निवत होतं,
आणि आम्ही पडत नव्हतो.
खाली पाणी दगडांतून वाट काढत होतं,
इतका वेळ ते चालूच होतं म्हणायचं.
कुठे खंड्या ओरडला.
एकशेपासष्ट किलो लोखंड आणि अठ्ठावन्न वर्षं
एका रेघेवर उभी,
कुणाला धरून नाही.

मग उजवा पाय आपसूक खाली आला.

"काका, थांबलात ना?"
"थांबलो."
"पण पाय त्याच्या नंतर टेकला."
"नंतर."
तिने रकाने पाहिले, डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा.
मग पाच लिहिले. नियमाप्रमाणे, ठळक.

घरी गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरलं.
तेलाचा थेंब स्थळांच्या जाहिरातींवर पडला, मग दुसरा.
हेमाने दारातून विचारलं, "चौथ्यात किती मिळाले?"
"पाच."
ती खूश झाली.
मी दुरुस्त केलं नाही.